मेंढपाळ वर जाण्याआधी : भृगू सरोवर ते वशिष्ठ या उतरणीचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई परिसरातील सात जणांचा एक गट मनालीजवळच्या भृगू सरोवरापर्यंत गेला आणि तिथून वशिष्ठ गावाकडे उतरताना त्याला एक रात्र तंबूशिवाय रानात काढावी लागली. एकाचा गुडघा मुरगळला, एका तरुणाचे डोळे बर्फावरच्या प्रकाशाने भाजले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास सातही जण आपल्या पायांनी गावात पोहोचले. मी या गटाबरोबर नव्हतो. मात्र त्यांच्यातील चौघांना सह्याद्रीत वाट शोधायला मी शिकवले आहे, त्यामुळे ते कुठे चुकले हे पाहताना माझे शिकवणे कुठे अपुरे पडले हेही मला पाहायचे होते. परतल्यावर दादरला दोन संध्याकाळी मी सातही जणांशी आधी एकेकट्याने आणि मग एकत्र बोललो, त्यांच्या फोनमधला जीपीएस ट्रॅक आणि छायाचित्रांवरच्या वेळा ताडून पाहिल्या, आणि त्यांच्या संमतीने हे टिपण तयार केले. नावे जाणूनबुजून दिलेली नाहीत.

गट आणि बेत

गटप्रमुख डोंबिवलीचे, वय ४१, सह्याद्रीतल्या साठाहून अधिक चढायांचा अनुभव असलेले. त्यांच्याशिवाय गटात पन्नाशी ओलांडलेले दोन गृहस्थ, चाळिशीच्या आतल्या तीन स्त्रिया आणि १९ वर्षांचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. तीन महिने त्यांनी तयारी केली होती. आसनगावला उतरून माहुली, नेरळहून पेब, लोणावळ्याहून राजमाची, आणि आठवड्यातून दोन दिवस सोसायटीचे जिने पाठीवर वजन घेऊन. तयारी प्रामाणिक होती आणि दमाने कोणीही मागे पडले नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बर्फावर चालण्याचा अनुभव सातांपैकी एकालाच होता, आणि तोही मनालीजवळच्या सोलांगला पर्यटक म्हणून मिळालेला.

मे महिनाच का, या प्रश्नाला सातही जणांनी एकच उत्तर दिले: सुट्ट्या. शाळा-महाविद्यालये बंद, कार्यालयात रजा मिळण्याजोगी, आणि मुंबईत घामाने जीव नकोसा झालेला. मुंबईकरांच्या हिमालयवाऱ्या बहुतेक याच गणिताने ठरतात. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी करायचे, म्हणजे मार्चमध्ये तारीख पक्की होते, आणि मे महिन्यात कोणत्या उतारावर किती बर्फ उरेल हे मार्चमध्ये सांगणे कोणाच्याही हातात नसते. परतीचे तिकीटही त्याच दिवशी काढले जाते. या गटाची मनालीहून परतीची बस ते उतरणार होते त्याच दिवशी रात्री होती. हा एक कागद पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या मागे उभा राहिला.

मार्ग असा होता: रोहतांगच्या रस्त्यावरील गुलाबापर्यंत गाडीने जायचे, पहिल्या दिवशी कुरणांतून चढून एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या रोला खोलीला मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी सुमारे ४,२०० मीटरवरचे सरोवर पाहून त्याच मार्गाने न परतता पश्चिमेकडे, बियास नदीच्या खोऱ्यात, थेट वशिष्ठला उतरायचे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि वशिष्ठ तिच्या थोडे वर, म्हणजे एका दिवसाची उतरण दोन हजार मीटरच्या आसपास. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची १,६४६ मीटर आहे, त्याहून ही उतरण मोठी. बेताच्या कागदावर मात्र हा आकडा कुठेच नव्हता. तिथे फक्त अंतर लिहिलेले होते, १४ किलोमीटर.

सामानासाठी खेचरे ठरवली होती. खेचरवाला रोला खोलीपर्यंतच येणार होता, कारण पुढच्या बर्फावर खेचरे जात नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू, भांडी आणि जड सामान घेऊन तो गुलाबाकडे परतणार, तिथून गाडीने मनालीला येणार, आणि गट हलक्या पिशव्यांनी वरून पलीकडे उतरणार, अशी योजना होती. स्थानिक वाटाड्या घ्यायचा की नाही यावर मुंबईत चर्चा झाली होती. आधी कोणीतरी नोंदवलेला या वाटेचा जीपीएस ट्रॅक फोनमध्ये हाताशी आहे, गटप्रमुखांना वाट शोधण्याची सवय आहे, मग खर्च कशाला, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेकोटीपाशी खेचरवाल्याने एक वाक्य सांगितले, आणि ते चौघांना जवळजवळ शब्दशः आठवते. वशिष्ठच्या बाजूने अजून मेंढपाळ वर आलेले नाहीत, असे तो म्हणाला. गटाला ती इकडची तिकडची गप्प वाटली. कोणीतरी मेंढ्या किती असतात असे विचारले आणि बोलणे लोकरीकडे वळले.

माझ्या मते या प्रकरणातील सगळ्यात महत्त्वाची माहिती ती होती. हिमाचलातील गद्दी समाजाचे मेंढपाळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळप घेऊन खालच्या खोऱ्यांतून उंच कुरणांकडे चढत जातात. ते वर आलेले नाहीत याचा एक अर्थ असा की वरच्या कुरणांवरचा बर्फ अजून हटलेला नाही, म्हणजे चरायला काही नाही. दुसरा अर्थ असा की खालच्या जंगलातली वाट या वर्षी अजून कोणी तुडवलेली नाही. हिवाळ्यात पडलेली झाडे तिच्यावर तशीच आडवी आहेत आणि वसंतातले रान तिच्यावर माजलेले आहे. दोन वेगवेगळ्या उंचींवरचे दोन वेगवेगळे धोके त्या माणसाने एका वाक्यात सांगितले होते.

तिसरा दिवस

निघायला ६ वाजून १० मिनिटे झाली. ठरले होते साडेपाचला, पण तंबू आवरून खेचरांवर लादण्यात वेळ गेला. रात्र निरभ्र होती. निरभ्र रात्री बर्फाची उष्णता आकाशात निघून जाते आणि आदल्या दिवशी ओला झालेला वरचा थर गोठून टणक होतो. ढगाळ रात्रीनंतर हा थर तयारच होत नाही आणि सकाळपासून पाय रुततात. त्या सकाळी थर उत्तम गोठलेला होता आणि सौम्य चढावर सगळे झपाझप चालले. ‘दादा, हे तर सोपं आहे,’ असे विद्यार्थ्याने गटप्रमुखांना म्हटल्याचे दोघांनाही आठवते.

सव्वासातला एक उभी नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, आडवी आली. ट्रॅक तिच्यातून सरळ पलीकडे जात होता. हा ट्रॅक ज्याने नोंदवला तो सप्टेंबरच्या अखेरीस तिथून गेला होता, आणि सप्टेंबरमध्ये तिथे गवताळ उतारावरची पायभर रुंदीची वाट असते. मे महिन्यात ती वाट बर्फाच्या खाली होती आणि वर काचेसारखा कडक, सावलीतला, तीव्र उतार होता. फोनवरची रेघ चुकीची नव्हती. ती दुसऱ्या ऋतूतली होती. सह्याद्रीत हे आपण जाणतो. जानेवारीत केलेल्या ट्रॅकवर सप्टेंबरमध्ये गेलो तर कारवी डोक्यावर गेलेली असते आणि वाटेचा मागमूस नसतो, आणि त्याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही. तीच समज बर्फाला लावायची हे कोणाला सुचले नाही, आणि मीही वर्गात ते कधी बोललो नव्हतो.

सात जणांत बुटांना लावायच्या काटेरी साखळ्यांच्या दोन जोड्या होत्या, बर्फाची कुऱ्हाड एकही नव्हती. या साखळ्या टणक पण सौम्य बर्फावर उपयोगी असतात, फार उभ्या उतारावर त्या पुरे पडत नाहीत. गटप्रमुखांनी बुटाच्या टोकाने पायऱ्या खणत पुढे जायला सुरुवात केली. साठ-सत्तर मीटरचे ते अंतर पार करायला १ तास २० मिनिटे लागली. पाचव्या क्रमांकावरच्या ताईंचा पाय निसटला आणि त्या पंधरा मीटर घसरत जाऊन खालच्या सपाटीवर थांबल्या. तळहात सोलवटले, इतकेच. खाली सपाटी होती म्हणून इतकेच. तिथे खडकांची रास किंवा कडा असता तर हे टिपण वेगळ्या प्रकारचे झाले असते. घसरताना कुऱ्हाडीचे टोक बर्फात रुतवून स्वतःला थांबवणे हे शिकावे लागते, आणि मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत १९६१ पासून शिकवल्या जाणाऱ्या अगदी प्राथमिक गोष्टींपैकी ते आहे. मुंबईत ते शिकण्याची सोय नाही, कारण मुंबईत बर्फ नाही. म्हणून पहिल्या दिवशी एखाद्या सुरक्षित, खाली सपाटी असलेल्या बर्फावर दोन तास घसरण्याचा आणि थांबण्याचा सराव करणे एवढाच मार्ग उरतो. गटाने पहिल्या दिवशी असा बर्फ पाहिला होता आणि त्यावर फोटो काढले होते.

सरोवर १० वाजून २० मिनिटांनी आले. ते गोठलेले होते, एका कडेला निळसर पाण्याची पट्टी दिसत होती. भृगू ऋषींनी तिथे तप केले अशी श्रद्धा असल्याने गटातील ज्येष्ठ काकांनी बरोबर आणलेला खडीसाखरेचा नैवेद्य दाखवला. हा वेळ मला वाया गेलेला वाटत नाही. माणसे ज्यासाठी जातात ते त्यांना मिळालेच पाहिजे. मात्र सव्वाअकरापर्यंत तिथे थांबल्यावर कोणीही घड्याळ पाहून ‘आता परत फिरायचे की पुढे जायचे’ असा प्रश्न मोठ्याने विचारला नाही. परतीची वेळ बेतात लिहिलेलीच नव्हती. परत फिरण्याजोगे मागे काही नव्हते हेही खरेच, कारण तंबू तोपर्यंत गुलाबाच्या वाटेला लागले होते. हलके उतरावे म्हणून तंबू पाठवताना वाटेत मुक्काम करण्याची शक्यताच पाठवून दिली गेली, हे त्या सकाळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

सव्वाअकरानंतर ऊन माथ्यावर आले आणि तोच बर्फ भुसभुशीत झाला. गुडघ्यापर्यंत, मधूनच मांडीपर्यंत पाय जाऊ लागले. ट्रॅकवरील वेळा पाहिल्या तर या पट्ट्यात गटाचा वेग तासाला एक किलोमीटरपेक्षाही कमी दिसतो. १ वाजून १० मिनिटांनी एका मोठ्या खडकाच्या कडेने जाताना ज्येष्ठ काकांपैकी एकाचा पाय कमरेपर्यंत आत गेला आणि गुडघा पिळवटला. गडद खडक उन्हात तापतो, त्याच्या भोवतीचा बर्फ खालून वितळतो आणि वर पातळ झाकण उरते. खडक दिसतो, म्हणून आधारासाठी माणूस त्याच्याजवळूनच जातो आणि नेमका तिथे फसतो. ओढ्यांवरच्या बर्फाच्या पुलांचेही असेच असते. पाण्याचा आवाज पायाखालून येत असेल तर तिथून सरकायला हवे, हे गटाला ऐकून माहीत होते आणि ओढे त्यांनी नीट ओलांडले. खडकाचे मात्र कोणी सांगितले नव्हते.

बर्फाची कडा संपून पहिली भोजपत्राची झाडे आली तेव्हा ३ वाजून ४० मिनिटे झाली होती. बेतानुसार या वेळेपर्यंत गट गावात चहा घेत असायला हवा होता.

वेळेचा हिशेब कुठे चुकला

गटप्रमुखांनी वेळेचा अंदाज बेफिकिरीने बांधलेला नव्हता. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा त्यांना माहीत होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. चौदा किलोमीटर आणि साडेचारशे मीटरचा चढ यांचा हिशेब साडेतीन तासांचा येतो. गट मोठा, वये वेगवेगळी, म्हणून त्यांनी तो दुप्पट करून सात तास धरला, शिवाय थांबण्याचे दोन तास. सह्याद्रीत हा हिशेब कित्येकदा बरोबर आलेला होता.

पण मूळ आडाख्यात उतरणीला वेळ लागतच नाही असे गृहीत आहे. पुढे ब्रिटिश गिर्यारोहक लँगमुइर यांनी त्यात दुरुस्ती सुचवली की तीव्र उतरणीला दर ३०० मीटरमागे दहा मिनिटे वाढवावीत. दोन हजार मीटरच्या उतरणीसाठी त्यानेच एक तासाहून अधिक वाढतो. आणि हे सगळे मळलेल्या वाटेवर, कोरड्या जमिनीवर. मऊ बर्फासाठी किंवा रान माजलेल्या वाटेसाठी कोणताही गुणक मी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे, कारण तोच उतार सकाळी सातला वीस मिनिटांचा आणि दुपारी एकला दीड तासाचा असतो. अशा मार्गावर अंतरावरून वेळ काढायची नसते. बर्फ किती वाजेपर्यंत पाय पेलेल आणि जंगलात किती वाजता अंधारेल, या दोन वेळा आधी लिहायच्या आणि मधले अंतर त्यांत बसते का ते पाहायचे.

दादरच्या बैठकीत यावर एक रास्त आक्षेप आला. गटातील एका ताईंनी विचारले, ‘आम्ही पहाटे साडेचारला निघालो असतो तर नाळ आणखी टणक लागली असती. मग उशिरा निघायचे की लवकर?’ उत्तर साधनांवर अवलंबून आहे. कुऱ्हाड, योग्य काटे आणि पायऱ्या खणणारा सराईत माणूस बरोबर असेल तर टणक बर्फ हा चालायला सगळ्यांत चांगला बर्फ, आणि तेव्हा पहाटेच निघावे. ते नसेल तर नाळेसाठी उन्हाची वाट पाहावी लागते आणि पुढचा लांब पट्टा दुपारी पार करावा लागतो, म्हणजे त्या गटासाठी त्या मार्गावर त्या दिवशी कोणतीच वेळ योग्य नव्हती. सरोवर पाहून रोला खोलीलाच परतणे एवढे एकच वेळापत्रक बसत होते.

रान

भोजपत्रांच्या खाली खरसू ओकची आणि सूचिपर्णी झाडांची दाटी सुरू होते. इथे गटाला हायसे वाटले. बर्फ संपला, आता वाट आहे आणि वाटेचे आपल्याला कळते, अशी भावना सातही जणांनी बोलून दाखवली. गटप्रमुख म्हणाले, तिथे ते पहिल्यांदा निर्धास्त झाले. मला वाटते, थकलेल्या माणसाला वाटलेली ही सुटकाच त्या दिवसातली सगळ्यात महाग गोष्ट होती, कारण तिथे अजून साडेतीन तास उजेड शिल्लक होता आणि तो जपून वापरण्याऐवजी गट आडव्या पडलेल्या पहिल्या झाडाला वळसा घालून सरळ खाली सुटला.

ते झाड हिवाळ्यात कोसळलेले होते. वाट त्याच्याखालून जात होती. वळसा घातल्यावर पलीकडे जी वाट मिळाली ती मेंढ्यांच्या जुन्या आडव्या वाटांपैकी एक होती. सह्याद्रीत ज्यांना आपण ढोरवाटा म्हणतो त्यांचाच हा प्रकार: एकाच उतारावर समांतर दहा-बारा रेघा, प्रत्येक रेघ खरी वाट वाटणारी, आणि कोणतीही गावाला न जाणारी. पुढे एक जुना गोठ लागला. कळप बसण्याच्या जागी वर्षानुवर्षे लेंड्या साठतात, जमीन खताने भरते, आणि वसंतात तिथे आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातली रुंद पानांची झुडपे आणि बिच्छू बूटी कमरेइतकी माजते. खाजकुइलीचा अनुभव असलेल्यांनीही बिच्छू बूटीला हात लावला आणि पुढचा अर्धा तास हात चोळत काढला. गोठातून बाहेर पडणारी खरी वाट त्या माजलेल्या पानांखाली दोन हातांवर होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

फोनवरचा ट्रॅक इथे अगदीच निकामी नव्हता, पण दाट झाडीत आणि अरुंद घळीत फोन दाखवतो ती जागा वीस-तीस मीटरने इकडेतिकडे होते, आणि उभ्या उतारावर तेवढ्या फरकात वाट एका सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरणाऱ्या धारेवरून, दुसऱ्या सोंडेवर जाते. मुरगळलेल्या गुडघ्याचे काका दोन काठ्यांवर उतरत होते. दर दहा मिनिटांनी थांबावे लागत होते. मे अखेरीस मनालीत सूर्यास्त साधारण सव्वासातला होतो, पण दाट झाडीत साडेसहालाच पायाखालचे दगड दिसेनासे झाले. सात जणांत डोक्याला बांधायच्या विजेऱ्या चार होत्या, कारण बेत दिवसाचा होता.

इथून पुढे गटप्रमुखांनी जे केले ते बरोबर होते, आणि ते तितक्याच ठळकपणे नोंदवले पाहिजे. आठच्या सुमारास ते एका ओढ्याच्या घळीच्या तोंडाशी आले. खाली दूरवर वशिष्ठचे दिवे दिसत होते, पाणी त्याच दिशेने जात होते, आणि दोघांनी आग्रह धरला की घळीतूनच उतरावे. गटप्रमुखांनी नकार दिला. नाळ वरून सोपी दिसते आणि मध्येच कड्यावरून संपते, हे सह्याद्रीत त्यांनी अनेकदा पाहिले होते. काळोखात, जखमी माणूस घेऊन, अनोळखी घळीत उतरायचे नाही, असे सांगून त्यांनी सगळ्यांना तिथून मागे सोंडेवर एका जुन्या देवदाराखाली आणले आणि मुक्काम जाहीर केला. मनालीची बस चुकणार हे त्यांनी त्याच वाक्यात सांगून टाकले, म्हणजे कोणी पुन्हा तो विषय काढणार नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले तेव्हा ती घळ दोनशे पावलांवर एका ओल्या कड्यावरून तुटलेली होती.

रात्र

सोंडेवर फोनला काही मिनिटे रेंज मिळाली. बोरिवलीला एका मैत्रिणीकडे सगळ्या बेताचा कागद ठेवलेला होता आणि रात्री दहापर्यंत निरोप आला नाही तर ११२ वर फोन करायचा असे ठरले होते. तिला संदेश गेला: सगळे एकत्र आहेत, एक किरकोळ जखमी, रात्र रानात काढून सकाळी उतरतो. तिने सातही घरी स्वतः फोन केले आणि नंतर फोन बंद ठेवला नाही. घरच्यांना एकाच माणसाकडून एकच माहिती मिळाली म्हणून त्या रात्री मुंबईत गोंधळ झाला नाही. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे, त्यामुळे मुंबईत कागद धरून बसलेला असा एक विश्वासू माणूस ही चैन नव्हे.

ओले मोजे आणि ओले सुती कपडे उतरवून सगळ्यांनी कोरडे घातले. दोघांकडे कोरडे कपडे नव्हते, त्यांना इतरांनी दिले. पाठपिशव्या रिकाम्या करून त्यांवर बसले, जखमी काकांना मध्ये घेतले, पावसाळी अंगरखे वरून पांघरले. खायला शेंगदाण्याची चिक्की, दोन पुडे बिस्किटे आणि ताईंच्या पिशवीतले मेथीचे ठेपले होते. थंडी कडक होती पण गोठवणारी नव्हती. हीच रात्र वर बर्फावर आली असती तर या कपड्यांत निभावली नसती.

रात्री साडेदहाच्या सुमारास विद्यार्थ्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू झाली, पाणी थांबेना, आणि विजेरीचा उजेड सहन होईना. दुपारी चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून त्याने दोन तास काळा चष्मा कपाळावर चढवून ठेवला होता. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी, आणि ताजा बर्फ त्यातला सुमारे ८० टक्के भाग परतवतो. डोळ्याचा पुढचा पापुद्रा उन्हाने भाजतो तसा भाजतो, पण वेदना सहा ते बारा तासांनी सुरू होते, त्यामुळे भाजत असताना माणसाला काहीच कळत नाही. त्याच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, डोळे चोळू दिले नाहीत, आणि दोन दिवसांत ते पूर्ववत झाले. रात्री चालत राहिले असते तर गटात एक लंगडा आणि एक आंधळा माणूस झाला असता, हे गटप्रमुखांच्या मनात पहाटेपर्यंत घोळत होते.

उजाडल्यावर साडेपाचला गट खाली न जाता वर गेला. शेवटची खात्रीची जागा म्हणजे तो गोठ, तिथपर्यंत सुमारे दीडशे मीटर चढून मागे. काकांना हे जड गेले, पण ‘आधी ओळखीच्या जागी’ हा नियम त्यांनीच सगळ्यांना आठवण करून दिला. गोठापाशी गावातील दोन बायका लिंगडी, म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, भाजीसाठी खुडत होत्या. त्यांनी पाने बाजूला केली आणि वाट दाखवली. त्यांच्यातील थोरल्या बाईंनी काकांच्या हातातली पिशवी न विचारता आपल्या पाठीवर घेतली आणि गावापर्यंत आणून दिली. मोबदला घेतला नाही.

त्यानंतरचे बदल

गटाने वर्षभर या प्रकरणावर काम केले. पुढच्या खेपेला त्यांनी जून अखेर निवडली, त्यासाठी दोघांनी बिनपगारी रजा घेतली, आणि परतीचे तिकीट उतरण्याच्या दिवसानंतर दोन दिवसांनी काढले. तंबू शेवटपर्यंत बरोबर ठेवायचे आणि उतरण दोन दिवसांत करायची असे ठरले. वाटाड्या वशिष्ठचाच घेतला, कारण वरचा बर्फ मनालीतील कोणीही सांगेल, खालच्या जंगलात या वर्षी कोणते झाड कुठे पडले हे त्या गावातलाच माणूस सांगू शकतो. माझ्या बाजूने मी वाट शोधण्याच्या वर्गात दोन तास वाढवले आहेत. त्यात मी एकाच नाळेची दोन छायाचित्रे शेजारी ठेवतो, एक सप्टेंबरचे आणि एक मे महिन्याचे, आणि मुलांना फोनवरची रेघ दोन्हींवर काढायला सांगतो.

गटाच्या बेताच्या कागदावर आता अंतराच्या आधी एक रकाना आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात गटप्रमुख त्याच खेचरवाल्याला फोन करतात, घरची विचारपूस करतात, आणि मग विचारतात, मेंढपाळ वर गेले का. त्याचे उत्तर त्या रकान्यात तारखेसह लिहिले जाते, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर वशिष्ठकडची उतरण बेतातून काढली जाते.